बाइट आणि अक्षर यांच्या सीमेवर

संगणकावरील प्रोग्राम चालू असतो तोवर त्याच्या स्मृतीत नांदणारी माहिती, तिच्याभोवती कितीही रेखीव रचना उभी केलेली असली तरी, प्रोग्राम थांबताच नाहीशी होते, आणि मागे उरते ते फक्त फाइलीत नोंदलेले असते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषांचा मूळ सिद्धान्त असा की, माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया यांना एकाच घटकात, म्हणजे ऑब्जेक्टात, एकत्र ठेवावे, आणि बाहेरच्याने त्या घटकाच्या अंतर्भागात हात न घालता त्याला केवळ काम सांगावे. फाइलीशी गाठ पडली की हा सिद्धान्त थबकतो. फाइल ही बाइटांची एक सलग ओळ असते. तिला क्रिया ठाऊक नसतात, क्लास ठाऊक नसतात, इतकेच काय, आपल्यात साठवलेले बाइट म्हणजे अक्षरे आहेत, अंक आहेत की चित्र आहे याचाही तिला पत्ता नसतो. म्हणून, पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा शेवटच्या प्रकरणात ढकलला जात असला तरी, माझ्या मते भाषेची खरी परीक्षा तेथेच होते. आणि गेल्या काही दशकांचा वृत्तान्त पाहिला तर असे दिसते की, सोयीच्या नावाखाली या भाषांनी जे निर्णय प्रोग्रामरापासून झाकून ठेवले, ते एकेक करून पुन्हा उघड्यावर आणावे लागले, आणि झाकण्याची किंमत ज्यांना सर्वांत जास्त मोजावी लागली त्यांत मराठी लिहिणारे आपण आहोत.

मुंबईच्या उपनगरांत तर हा प्रश्न अगदी घरचा आहे. पवईला १९५८ सालापासून आय.आय.टी. आहे, अंधेरी पूर्वेला १९७३ साली सीप्झचे निर्यात क्षेत्र स्थापन झाले आणि पुढे तेथील कचेऱ्यांतून परदेशी बँका व विमा कंपन्यांसाठी प्रोग्राम लिहिले जाऊ लागले, जुहूला १९८५ पासून एन.सी.एस.टी. ही संस्था होती, जी २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाली. विद्याविहार, मुलुंड, बोरिवली येथील महाविद्यालयांत दरवर्षी असंख्य विद्यार्थी आपल्या जर्नलात फाइल उघडण्याचे आणि मिटण्याचे प्रॅक्टिकल उतरवून काढतात. याच उपनगरांत दुसरीकडे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या ‘जे’ नमुन्यातील सभासदयाद्या आहेत, नगर भूमापनाची मालमत्ता पत्रके आहेत, मतदारयाद्या आहेत, सार्वजनिक ग्रंथालयांच्या दाखलनोंदी आहेत. आणि हे दफ्तर मोठ्या प्रमाणावर मराठीत आहे. परदेशी धंद्याच्या फायली बिनचूक लिहिणारा तरुण आणि त्याच्याच इमारतीची मराठी सभासदयादी या दोहोंची भेट फार उशिरा झाली, आणि झाली तेव्हा पूर्वी शिकलेले पुष्कळसे अपुरे ठरले.

फाइलीला ऑब्जेक्ट मानण्याची कल्पना या भाषांइतकीच जुनी आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी ऑस्लो येथे सिम्युला ६७ ही भाषा रचली तेव्हाच तिच्यात वाचावयाची फाइल, लिहावयाची फाइल, हव्या त्या जागी थेट पोहोचता येईल अशी फाइल आणि छापावयाची फाइल असे निरनिराळे क्लास एका मूळ क्लासातून काढलेले होते. १९७९ पासून ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी जी भाषा घडवली आणि १९८५ साली जी सी++ या नावाने बाजारात आली, तिने सिम्युलाकडून क्लास घेतले. आणि तिच्यातील प्रवाहांच्या रचनेने, जिला पुढे जेरी श्वार्ट्‌झ यांनी प्रगल्भ रूप दिले, एक मोठा लाभ पदरात टाकला. एखाद्या ऑब्जेक्टाने आपला तपशील प्रवाहात कसा लिहावा हे एकदा ठरवले की तो प्रवाह पडद्याकडे जातो, फाइलीकडे जातो की स्मृतीतल्या मजकुराकडे, याची पर्वा त्या ऑब्जेक्टाला करावी लागत नाही. शिवाय फाइलीचा ऑब्जेक्ट आपल्या कक्षेबाहेर जाताच त्याचा विनाशक आपोआप चालतो आणि फाइल मिटते. पुष्कळ भाषांना हे शहाणपण सुचायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली.

परंतु सी++ शिकवण्याच्या रीतीने या चांगल्या भाषेवर अन्याय केला. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या बायफोकल वर्गांपासून पदवीपर्यंत अनेक वर्षे जो धडा गिरवला गेला त्यात दोन खोडी रूढ झाल्या. पहिली, फाइल संपली का असे वाचण्यापूर्वीच विचारण्याची. वस्तुतः फाइल संपल्याचे ज्ञान प्रवाहाला वाचनाचा प्रयत्न फसल्यानंतरच होते, त्यामुळे अशा प्रोग्रामात शेवटची नोंद दोनदा उमटते. दुसरी खोड अधिक घातक : ऑब्जेक्टाने स्मृतीत व्यापलेली जागा जशीच्या तशी फाइलीत ओतावयाची आणि तशीच परत उचलावयाची. टर्बो सी++ मध्ये साधा पूर्णांक दोन बाइटांचा असे, आजच्या कंपायलरांत तो सामान्यतः चार बाइटांचा असतो. त्याखेरीज ऑब्जेक्टातील क्षेत्रांच्या मध्ये कंपायलर आपल्या सोयीने रिकामे बाइट सोडतो, आणि नावासाठी स्ट्रिंग वापरली असेल तर फाइलीत नाव न जाता बहुधा नावाचा स्मृतीतील पत्ता तेवढा जातो, जो दुसऱ्या दिवशी निरर्थक असतो. ज्या यंत्रावर आणि ज्या कंपायलराने फाइल लिहिली त्यांच्यापलीकडे जगू न शकणाऱ्या अशा फाइलीला दस्तऐवज म्हणता येत नाही.

१९९५ साली सन कंपनीने जेम्स गॉस्लिंग यांची जावा भाषा प्रसिद्ध केली, आणि १९९७ च्या १.१ या आवृत्तीत तिने या विषयातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल टाकले : बाइटांचे प्रवाह आणि अक्षरांचे प्रवाह अशी दोन वेगळी कुळे तिने मानली, आणि एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी मध्ये एक दुभाषी क्लास बसवला, जो कोणत्या एन्कोडिंगने बाइटांची अक्षरे करावयाची हे विचारू शकतो. एका ओळीच्या कामासाठी फाइलीचा प्रवाह, त्यावर दुभाषी, त्यावर बफर अशी तीन ऑब्जेक्टे एकात एक गुंफावी लागतात याची तक्रार विद्यार्थी आजही करतात; मला मात्र त्या लांबणीत प्रामाणिकपणा दिसतो, कारण वाचनाच्या क्रियेत जेवढे टप्पे खरोखर असतात तेवढेच तेथे लिहून दाखवावे लागतात. दुर्दैवाने त्याच आवृत्तीने सोयीसाठी फाइलरीडर आणि फाइलरायटर असे दोन आखूड मार्गही दिले, ज्यांत एन्कोडिंग सांगण्याची सोयच नव्हती. ते त्या यंत्राच्या मर्जीवर सोडलेले असे, आणि त्या क्लासांना एन्कोडिंग सांगता येऊ लागले ते थेट २०१८ च्या जावा ११ मध्ये.

या एका उणिवेचा मराठीवर काय परिणाम झाला ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. पश्चिम युरोपीय लिप्यांसाठी बेतलेले एन्कोडिंग ज्या विंडोज यंत्रावर गृहीत धरलेले आहे, त्यावर जावाच्या फाइलरायटराने ‘घाटकोपर’ हा शब्द लिहिला तर प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता यशस्वीपणे संपतो आणि फाइलीत सात प्रश्नचिन्हे उमटतात. वाचताना एन्कोडिंग चुकले तर पडद्यावर विचित्र चिन्हांचा सडा पडतो, पण मूळ बाइट शाबूत असतात आणि योग्य एन्कोडिंगने फाइल पुन्हा वाचली की मजकूर परत मिळतो. लिहिताना चुकले तर मूळ माहितीच नष्ट झालेली असते, आणि त्या सात प्रश्नचिन्हांतून घाटकोपर पुन्हा कोणालाही काढता येत नाही. भ्रष्ट वाचन आणि भ्रष्ट लेखन यांतला हा भेद आपल्या वर्गांत जवळजवळ कोठेही ठसवला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. २०११ च्या जावा ७ मध्ये आलेले फाइल्स या क्लासातील नवे मार्ग अशा प्रसंगी मुकाट्याने प्रश्नचिन्ह न लिहिता अपवाद फेकतात आणि काम थांबवतात. आणि अखेर २०२२ च्या जावा १८ मध्ये, कोणतेही यंत्र असले तरी न सांगितल्यास यूटीएफ-८ हेच एन्कोडिंग धरावे, असा नियम झाला. पायथॉनने येथे अधिक सचोटी दाखवली. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिने बाइट आणि मजकूर यांची सक्तीने फारकत केली, आणि न बसणारे अक्षर लिहू गेल्यास ती भाषा चूक झाल्याची वर्दी देऊन थांबते. गृहीत एन्कोडिंग मात्र तिनेही यंत्रावर सोपवलेले होते, आणि ३.१५ या आवृत्तीपासून ते यूटीएफ-८ करण्याचे तिच्या चालकांनी ठरवले आहे.

येथे मागे वळून पाहिले पाहिजे, कारण यूटीएफ-८ पूर्वीच्या मराठी फायली आजही कपाटांत आणि डिस्कांवर पडून आहेत. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली इस्की हे मानक जाहीर केले, ज्यात देवनागरीचे बहुतेक प्रत्येक चिन्ह एका बाइटात बसते, आणि युनिकोड या जागतिक मानकाने त्याच वर्षीच्या आपल्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. प्रत्यक्षात छापखाने आणि कचेऱ्या यांनी मानकापेक्षा फॉन्टांचा आश्रय घेतला : रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले हे फॉन्ट होते, आणि फाइलीत साठवले जात ते त्या तुकड्यांचे क्रमांक. अशी फाइल प्रोग्रामाने वाचली की हाती अर्थहीन रोमन मजकूर येतो, आणि तो युनिकोडमध्ये आणण्यासाठी नुसता कोष्टकाचा आधार पुरत नाही. कारण तेथे ऱ्हस्व वेलांटी दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, लिहिलेली असते, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते, आणि रफाराची गत नेमकी उलट असते. म्हणजे परिवर्तकाला अक्षरांची अदलाबदल करीत, जोडाक्षर कोठे संपते याचे भान ठेवीत चालावे लागते.

या संक्रमणात उपनगरांतील एका माणसाचे ऋण मान्य केले पाहिजे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पवईच्या आय.आय.टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनेक वर्षे अध्यापन केले आणि नंतर जुहूच्या एन.सी.एस.टी.मध्ये भारतीय लिप्यांच्या संगणकीय रूपावर काम केले. विंडोज २००० बरोबर जो मंगल हा देवनागरी फॉन्ट घरोघर पोहोचला तो त्यांचा. मंगलमुळे मराठी माणसाच्या हाती प्रथमच असा फॉन्ट आला की, फाइलीत साठवलेले संकेतांक एका जागतिक मानकाप्रमाणे राहतात आणि दिसणे ही गोष्ट फॉन्टवर सोपवली जाते. साठवण आणि दर्शन यांची ही फारकत म्हणजे ऑब्जेक्टविचारातील अंतर्भाग आणि बाह्यरूप यांचीच फारकत होय, आणि ती एका चित्रकाराच्या मनाच्या माणसाने उमजून घेतली याचा मला फार अभिमान वाटतो.

युनिकोड आले म्हणून मराठी फाइलीचे सगळे प्रश्न सुटले असे मात्र नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते : ‘अंधेरी’ अठरा बाइटांची, ‘बोरिवली’ एकवीस बाइटांची. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून नावासाठी तीस बाइटांचा रकाना आखणाऱ्याने मराठी नावाला दहाच चिन्हे दिलेली असतात, आणि त्यांत काना, मात्रा, हलन्त हे सारे मोजले जातात. फाइल ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनी वाचून प्रत्येक तुकड्याची स्वतंत्रपणे अक्षरे करू गेल्यास, ४०९६ ला तीनने भाग जात नसल्यामुळे, शुद्ध देवनागरी मजकुरातले एखादे अक्षर पहिल्याच सीमेवर कापले जाते. जावातील राइटयूटीएफ या पद्धतीला लांबी लिहायला दोनच बाइट असल्याने ती एका वेळी ६५,५३५ बाइटांहून अधिक घेत नाही, म्हणजे देवनागरीची २१,८४५ चिन्हे. एखाद्या दीर्घ निवाड्याची नक्कल त्यात मावणार नाही. ‘ॲ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘अ’ वर चंद्र देऊन दोन संकेतांकांनीही लिहिता येते, आणि युनिकोडच्या नियमांत ही दोन रूपे समान मानलेली नाहीत. तेव्हा एका कारकुनाने लिहिलेले नाव दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही, जरी पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. मोडी लिपीला २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये स्थान मिळाले ते मूळच्या सोळा बिटांच्या मर्यादेपलीकडे, म्हणून जावात मोडीचे प्रत्येक चिन्ह दोन एककांचे मोजले जाते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड निवडून प्रसिद्ध केले. तशा दफ्तराचे मोडी पाठ उद्या कोणी फायलींत उतरवू गेल्यास त्याला हा हिशेब आधी शिकावा लागेल. अंकांच्या बाबतीत या भाषांची वागणूक आणखी निराळी. ‘१२३’ हे देवनागरी अंक जावा आणि पायथॉन दोघीही पूर्णांक म्हणून वाचतात, पण दशांश अपूर्णांक देवनागरीत दिला तर पायथॉन तो स्वीकारते आणि जावा नाकारते, तर सी++ चा प्रवाह दोहोंपैकी काहीच ओळखत नाही.

अक्षरांनंतर प्रश्न येतो तो आकाराचा, म्हणजे ऑब्जेक्ट कोणत्या रूपात फाइलीत ठेवावे याचा. जावाने १.१ मध्येच ऑब्जेक्टांचे सबंध जाळे एका आज्ञेने फाइलीत लिहिण्याची सीरियलायझेशनची योजना दिली, पायथॉनकडे पिकल आहे, आणि दोन्ही पहिल्या परिचयात मोहक वाटतात. परंतु क्लासात एक क्षेत्र वाढवले की जुनी फाइल नीट उघडेलच असे नाही. आणि परक्याकडून आलेली अशी फाइल वाचणे म्हणजे त्याने निवडलेले क्लास आपल्या प्रोग्रामात चालू देणे होय, ज्यातून २०१५ साली जावाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्रंथालयाच्या, म्हणजे तयार कोडसंचाच्या, निमित्ताने गंभीर भगदाडे उघडकीस आली. २०१८ साली जावाच्या मुख्य रचनाकारांनीच ही योजना चूक होती असे उघडपणे म्हटले. याउलट साधा मजकूर, मग तो स्वल्पविरामांनी तोडलेला सीएसव्ही असो वा जेसन असो, कोणत्याही भाषेतील प्रोग्रामाला आणि प्रसंगी मनुष्याच्या डोळ्यालाही वाचता येतो, म्हणून दीर्घकाळ टिकवावयाच्या नोंदींसाठी मी निःशंकपणे त्याची बाजू घेतो. सीएसव्हीचे नियम २००५ साली लिखित झाले तरी ती दिसते तितकी सोपी नाही : मुंबईचा पत्ता म्हणजे खोली, मजला, इमारत, गल्ली अशी स्वल्पविरामांचीच मालिका, आणि ओळ स्वल्पविरामावर तोडणारा प्रोग्राम पहिल्याच पत्त्याला रकाने चुकवतो, त्यासाठी तयार वाचक वापरावा. एक्सेलमध्ये मराठी सीएसव्ही उघडावयाची असेल तर आरंभी तीन बाइटांची ओळखखूण द्यावी लागते, आणि तीच खूण दुसऱ्या प्रोग्रामात पहिल्या रकान्याच्या नावाला अदृश्यपणे चिकटते. नोंदी हजारोंनी असतील आणि त्यांत वारंवार फेरफार होणार असतील तर फाइलीचा हट्ट सोडून एसक्यूलाइटसारखे डेटाबेस घ्यावे. तेही शेवटी एकाच फाइलीत राहते.

फाइलीची रचना आणि ऑब्जेक्टांची रचना यांचा मेळ कसा घालावा याचे एक मननीय उदाहरण पवईतच आहे. आय.आय.टी.मध्ये पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी वर्डनेट उभे राहिले, आणि त्याच्या आधाराने मराठी वर्डनेट घडले. या प्रकारच्या शब्दजालाचा मूळ नमुना प्रिन्स्टनचा. त्यात शब्दांची सूची एका फाइलीत आणि अर्थसमूह दुसरीत असतात, आणि सूचीत प्रत्येक अर्थसमूहाचा पत्ता म्हणून तो फाइलीच्या आरंभापासून कितव्या बाइटावर आहे तो आकडा लिहिलेला असतो. वाचणारा प्रोग्राम थेट त्या बाइटावर उडी घेतो आणि तेथल्या एका ओळीतून अर्थसमूहाचे ऑब्जेक्ट तयार करतो. ही युक्ती देवनागरीत वापरणाऱ्याने पत्ता बाइटांत आहे, अक्षरांत नाही, हे क्षणभरही विसरता कामा नये, आणि एक वेलांटी हाताने वाढवली किंवा गाळली तरी पुढचे सारे पत्ते सरकतात हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हिंदीसाठी जावाचे ग्रंथालय आणि २०१८ पासून भारतीय भाषांसाठी पायथॉनचे ग्रंथालय उपलब्ध झाल्याने वापरणाऱ्यापुढे केवळ शब्द, अर्थ आणि संबंध ही ऑब्जेक्टे येतात. ऑब्जेक्टविचाराने झाकावे काय आणि काय नाही याचे योग्य प्रमाण मला येथे दिसते : पत्त्यांचा हिशेब झाकला, पण अर्थ उघडा ठेवला.

आणखी एक बाब, जिच्याकडे प्रोग्राम यशस्वी झाल्याच्या आनंदात दुर्लक्ष होते. लिहा असे सांगितले म्हणजे डिस्कवर लिहिले गेले असे नव्हे. मजकूर आधी बफरात थांबतो, मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात जातो, आणि मग केव्हातरी डिस्कवर उतरतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला, तेव्हा ज्या यंत्रांना बॅटरीचा आधार नव्हता त्यांतील असे वाटेत असलेले लेखन जागच्या जागी विरले असणार. फाइल हमखास मिटावी म्हणून पायथॉनने २००६ साली विथ हे विधान आणले आणि जावाने २०११ साली ट्राय-विथ-रिसोर्सेस. पण जुन्या फाइलीवरच नवी लिहीत असताना मध्येच वीज गेली तर जुनीही गेली आणि नवीही अपुरी राहिली, अशी अवस्था होते. त्यावर उपाय जुना व निश्चित आहे : नवी प्रत त्याच डिरेक्टरीत वेगळ्या नावाने पूर्ण लिहावी, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करून घ्यावी, आणि मगच तिला जुन्या फाइलीचे नाव द्यावे, नाव बदलण्याची ही क्रिया अखंड असल्याने वाचणाऱ्याला एक तर जुनी सबंध फाइल दिसते किंवा नवी सबंध.

आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने प्रोग्रामिंगचे पाठ मराठी ध्वनीसह उपलब्ध करून दिले आहेत हे मोठे काम आहे, तरी आमच्या महाविद्यालयांच्या प्रॅक्टिकलांतली फाइल अजून बहुधा रोमन नावांचीच असते, आणि म्हणून वर सांगितलेल्या देवनागरीच्या अडचणींपैकी एकही तेथे उद्भवत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या धर्तीवर रचलेली काल्पनिक मराठी सभासदयादी द्यावी, तिच्यात ‘ॲ’ ची दोन्ही रूपे असावीत, पत्त्यांत स्वल्पविराम असावेत, सदनिकांचे क्रमांक देवनागरीत असावेत, आणि ती वाचून, दुरुस्त करून, एका अक्षराचीही हानी न होता परत लिहिण्यास सांगावे. जुन्या फॉन्टांतल्या खऱ्या फायलींचे काम याहून निकडीचे आहे. त्या फायलींत फॉन्टचे नाव लिहिलेले असेलच असे नाही, ते ठाऊक असलेले ऑपरेटर निवृत्त होत आहेत, आणि जावा १८ च्या नव्या नियमामुळे, यंत्राच्या मर्जीवर विसंबून लिहिलेले जुने प्रोग्राम आपल्याच जुन्या फायली आता वेगळ्या रीतीने वाचतील. ज्या संस्थेजवळ असा साठा असेल तिने परिवर्तनास हात घालण्यापूर्वी मूळ फायलींची बाइटशः नक्कल काढून ठेवावी, आणि प्रत्येकीसोबत ती कोणत्या फॉन्टात, कोणत्या प्रोग्रामाने व कोणत्या साली टंकली याची नोंद साध्या यूटीएफ-८ मजकुरात करावी.